घडी घातलेल्या सावल्या

सोनकीच्या आईने घडवलेली मडकी वाळेनाशी झाली होती.

अंगणात ऊन काय कमी होतं? पौषाचं, हळदीसारखं पिवळंधमक ऊन पडलेलं असायचं. शेजारच्यांच्या मिरच्या त्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत झाल्या. पण सोनकीच्या आईची मडकी, बोळकी आणि इवल्या इवल्या पणत्या महिनाभर उन्हात बसून ओल्याच राहिल्या. बोट लावलं की बोट आत जायचं. ओलं मडकं भट्टीत घातलं तर फुटतं. मडकीच नसली तर विकायचं काय आणि खायचं काय? मायलेकी पेज पिऊन दिवस काढत होत्या, आणि ती पेजही रोज थोडी थोडी पातळ होत चालली होती.

सोनकीची आई पारू दिवसभर उन्हात बसून कुडकुडायची. अंगावर गोधडी, पायाशी निखाऱ्यांचं घमेलं, तरी हात गारठलेलेच. बोलायची कमी. हसायची तर मुळीच नाही. आणि कोणी नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं, की तिच्या पायांशी सावली नव्हती.

पारू एकटी नव्हती. पिवळवाडीतल्या आणखी पाच जणांच्या सावल्या वर्षभरात नाहीशा झाल्या होत्या. भागामावशीची गेली, शाळेतल्या गुरुजींची गेली, भातगिरणीवाल्याची गेली, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका सुनेचीही गेली. मग गावाने काय केलं? बैठक बोलावली. बैठकीत चहा झाला, आणि ठरलं की सावल्यांविषयी कोणी अक्षर बोलायचं नाही, गावाचं नाव खराब होतं. हे ठरवलं देवस्थान समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी. भाऊसाहेब पहाटे, दुपारी, संध्याकाळी, अगदी देवळाच्या मंडपातसुद्धा काळी छत्री उघडून फिरायचे. का, ते त्यांना कोणी विचारलं नाही. मोठ्या माणसांना विचारायचं नसतं, असं पिवळवाडीत पाळण्यापासून शिकवत.

सोनकी नऊ वर्षांची होती, आणि तिला विचारल्याशिवाय राहवत नसे.

“आई, तुझी सावली कुठे राहिली?”

पारूने निखाऱ्यांवर हात धरले. मग हळूच म्हणाली, “देवळात.”

“कशी?”

“आठवत नाही गो. येते म्हणाले होते मी.” एवढं बोलून तिने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

तो दिवस होता माघ शुद्ध प्रतिपदेचा. सातव्या दिवशी रथसप्तमी, म्हणजे सूर्यदेवाचा रथ वळतो तो दिवस. सोनकी उठली आणि अनवाणीच टेकडी चढू लागली.

टेकडीवर सूर्यनारायणाचं देऊळ होतं. फार फार जुनं, काळ्या दगडाचं. ते कोणी बांधलं हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. भर दुपारी त्याचं फाटक बंद असे. सोनकी मागच्या बाजूला गेली. तिथे जांभळट फुलांनी डवरलेली रुईची झुडपं होती, आणि झुडपांमागे कुंपणाला एक भोक होतं. त्यातून ती आत सरकली.

आत चिटपाखरू नव्हतं. चाफ्याचं झाड उभं होतं, पण त्याचं एकही पान हलत नव्हतं. अंगणातली फरशी इतकी तापली होती की सोनकी टुणटुण उड्या मारत चालली. मात्र मंडपाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तळव्याला थंडगार लागलं, विहिरीच्या तळाशी लागतं तसं.

मग तिचं लक्ष खांबांकडे गेलं. खांबांच्या सावल्या उन्हाच्या उलट दिशेला पडायला हव्यात ना? इथे त्या उन्हाकडे सरकत होत्या. अगदी सावकाश. पाणी प्यायला गुरं निघावीत तशा.

सोनकी एक पाऊल मागे सरकली. पण तिला आईचे गार हात आठवले, आणि ती पुढे गेली.

गाभाऱ्यात दगडाचा देव रथात उभा होता. दोन्ही हातांत कमळं, पुढे सात घोडे, आणि रथाला एकच चाक. आईच्या चाकासारखंच एकुलतं एक. घुमटातल्या झरोक्यातून उन्हाची एक बारीक पट्टी आत उतरली होती. त्या पट्टीत काहीतरी चमचमलं.

ती परी होती. बोटाएवढी इवलीशी. अंगात केशरी-सोनेरी झगा, पाठीवर पिवळ्या फुलपाखराचे पंख, केसांत धुळीच्या कणांसारखी लुकलुकणारी माळ. इतकी सुंदर, की पाहत राहावं. पण तिच्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. आणि ती एवढी लखलखत असूनही तिच्याजवळ ऊब म्हणून नव्हती. ती मान खाली घालून एका काळ्या, झुळझुळीत कापडाची घडी घालत होती.

“कोण आहे?” परीने विचारलं. तिचा आवाज रिकाम्या घागरीत भुंगा फिरावा तसा होता.

“मी सोनकी. तू कसल्या घड्या घालतेस?”

“सावल्यांच्या,” परी गोड आवाजात म्हणाली.

देवाच्या रथाशेजारी सहा घड्या एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात खालच्या घडीच्या टोकाला मातीचा डाग होता. सोनकीने तो लगेच ओळखला. आईच्या पदराला असायचा तसाच तो डाग होता.

“चोर आहेस तू!”

“नाही गं चिमणे. मी काहीच घेत नाही. निघताना सगळे या उंबऱ्यावर काय म्हणतात?”

सोनकी गोंधळली. निघताना सगळे काय म्हणतात? तेच, जे प्रत्येक घरातून निघताना म्हणतात. ती लहान असताना एकदा ‘जाते’ म्हणाली होती, तर आईने तोंडावर हात ठेवला होता. जाते म्हणू नये, येते म्हणावं.

“येते म्हणतात,” ती म्हणाली.

“देवा, येते हं. देवा, येतो बरं का.” परीने एकेक आवाज हुबेहूब काढला. तो काढताना तिचे ओठ हलले नाहीत. “आणि मग येत नाहीत. पण सावलीला खोटं बोलता येत नाही. ती येते, आणि इथे वाट पाहत बसते. वाट पाहून पाहून थकली की मी तिची घडी घालून ठेवते. चुरगळू नये म्हणून.”

“माझी आई खोटं बोलत नाही!”

“तुझी आई म्हणाली होती, देवा, रथसप्तमीला बोळकी घेऊन येते. आली नाही.”

“आली होती!” सोनकीचा आवाज घुमटात घुमला. “मला आठवतंय. दूध उतू घालवायला साठ बोळकी केली होती तिने. डोक्यावर टोपली घेऊन आली, आणि फाटकावर भाऊसाहेबांनी अडवलं. म्हणाले, यंदापासून शहरातून स्टीलची भांडी आणलीत, कुंभारणीचं आता काय काम? ती दिवे लागेपर्यंत फाटकाबाहेर उभी होती. तू तिला विचारलंस का, का नाही आलीस म्हणून?”

परीने हातातलं कापड खाली ठेवलं. तिचे पंख मिटले, उघडले, परत मिटले.

“मला बाहेरचं दिसत नाही,” ती म्हणाली. “मला फक्त शब्द ऐकू येतात. विचारायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही.”

“मग आता सांगितलं. दे तिची सावली.”

“मागितल्यावर द्यावंच लागतं मला, परी आहे मी. पण मागण्याला नियम असतात, बाळ. घडी वरचीच उचलायची. मधली ओढली तर सगळ्या फाटतील. आणि एका येण्याला एकच घडी. आज निघताना तू ‘येते’ म्हण, तुझी सावली माझ्याकडे ठेव, आणि उद्या खरंच ये. आलीस की तुझी तुला परत, वर एक घडी. सूर्य एकदा मावळून उगवल्याशिवाय येणं मोजत नाहीत हं.”

सोनकीने बोटं मोजली. उद्या द्वितीया. तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी. सहा दिवस, सहा घड्या. आईची सगळ्यात शेवटी.

“आणि एखाद्या दिवशी नाही आले तर?”

“सप्तमीच्या दुपारी ही उन्हाची पट्टी देवाच्या पायाला लागली की रथ वळतो. तेव्हा ज्या सावल्या इथे उरतील, त्या रथामागून जातात. मग त्या कोणाच्याच नसतात.” परी गोड हसली. “तुझीसुद्धा.”

सोनकी उंबऱ्यावर गेली आणि म्हणाली, “येते.”

तिच्या टाचांशी काहीतरी सुटलं. बी सोलल्यासारखं.

खाली गावात आली तेव्हा उन्हाचा चटका तिला लागेना. शेजारचा कुत्रा, जो रोज तिच्याकडून भाकरीचा तुकडा खायचा, तिच्यावर गुरगुरत मागे मागे सरकला. कोंबड्या तिच्या पायांतून गेल्या, वाटेत कोणी नसल्यासारख्या.

पण दुसऱ्या दिवशी ती गेली. तिची सावली धावत येऊन तिला बिलगली. वरची घडी भागामावशीची, असं परीने सांगितलं. सोनकीने ती ओल्या साडीसारखी हातावर टाकली आणि मावशीच्या अंगणात पसरली. मांजर अंगावर चढावं तशी सावली मावशीच्या पायांना चिकटली.

“गो बाय माझे!” म्हातारी ओरडली. “कधीपासून मेले गुडघे गार पडले होते! कुठे मिळाली गो तुला?”

“देवळात. तुम्ही तेल घेऊन येते म्हणाला होतात, मावशी.”

“म्हणाले होते खरी. हे गुडघे चढू देईनात.” मावशी ओशाळली. “पण निरोप तरी धाडायला हवा होता.”

तृतीयेला गुरुजींची सावली आली. चतुर्थीला नव्या सुनेची, पंचमीला गिरणीवाल्याची. गिरणीवाल्याने ती घाईघाईने पायांखाली घेतली आणि म्हणाला, “कोणाला सांगू नको हं.” सोनकीला त्याने मूठभर कण्यासुद्धा दिल्या नाहीत. ती रोज ‘येते’ म्हणून सावली ठेवत होती आणि रोज जास्त जास्त गारठत होती. पंचमीला घरी आली तेव्हा आईने तिच्याकडे पाहून विचारलं, “कोण गो तू?”

सोनकी भट्टीच्या आडोशाला जाऊन रडली. मग तिने डोळे पुसले.

षष्ठीच्या दुपारी ती कुंपणाच्या भोकातून आत शिरणार, तोच तिच्या डोक्यावर काळी छत्री आली.

“सापडलीस!” भाऊसाहेब म्हणाले. “रोज कोण शिरतंय ते बघतच होतो. काय चोरायला येतेस?”

“चोरायला नाही, परत न्यायला येते. आज तुमचीच पाळी आहे, वरच्या घडीला तुमच्या अत्तराचा वास येतो.”

“माझं काय आहे देवळात?”

“तुमची सावली.”

भाऊसाहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि छत्री आणखी खाली ओढली. “हळू बोल गं,” ते पुटपुटले. “हळू बोल.”

ते उंबऱ्याबाहेर थांबले. सोनकी आत गेली आणि घडी घेऊन आली. सावली पायाला चिकटताच भाऊसाहेब ढसाढसा रडले. “पोरी, तू माझ्यावर उपकार केलेस! उद्या सूर्य उगवायच्या आत मी इथे येतो. तुझ्या आईला मानाने आत घेऊन येतो. येतो बघ!”

हे ते उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले. आत, अंधारात, परीने मान वर करून ऐकलं.

सप्तमी उजाडली. फाटक सताड उघडं होतं. अंगणात केवढी गर्दी! रथाची रांगोळी, झेंडूची तोरणं, स्टीलच्या भांड्यांत तापणारं दूध. समोर व्यासपीठ, त्यावर शहरातून आलेले पाहुणे. सोनकी गर्दीतून वाट काढत गाभाऱ्यात पोचली. तिची सावली तिला बिलगली. तिने हसत रथाकडे पाहिलं, आणि तिचं हसू तिथेच थिजलं.

घड्या दोन होत्या.

वरची रुंद होती, आणि तिला अत्तराचा वास येत होता.

“तो पहाटे आला नाही,” परी म्हणाली. “त्याची सावली आली.”

“पण मग आईची…”

“वरचीच उचलायची असते, चिमणे. किंवा ज्याची आहे त्याने स्वतः यावं. मग ती आपण होऊन उठेल.” उन्हाची पट्टी देवाच्या पायापासून हातभरावर आली होती. दगडी घोड्यांच्या नाकपुड्यांत वारा घुमल्यासारखा आवाज येत होता.

सोनकी धावली. व्यासपीठावर भाऊसाहेब छत्रीखाली बसून पाहुण्यांना हार घालत होते.

“भाऊसाहेब, आत चला!”

“कार्यक्रम चालू आहे. नंतर भेट.”

“नंतर नाही, आत्ता. तुम्ही येतो म्हणाला होतात.”

“कोणाची पोर ही? हिला बाजूला घ्या रे!”

“पारू कुंभारणीची. जिला तुम्ही दारातून परत पाठवलंत, तिची. तुमची सावली तिच्या सावलीवर पडून राहिलीय.”

“खोटं बोलते! माझी सावली माझ्याजवळ आहे.”

“मग छत्री मिटा.”

दूध उकळल्याचा बुडबुडाट तेवढा ऐकू येत होता. गिरणीवाला आपल्या सदऱ्याचं बटण निरखू लागला. मग गर्दीच्या मागच्या टोकाला काठी टेकत भागामावशी उभी राहिली.

“मिटा ओ भाऊसाहेब. माझीपण गेली होती. या लेकराने आणून दिली. सहा दिवस स्वतः गारठून आणून दिली!”

गुरुजींनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि तेही उठले. “माझीही,” ते म्हणाले. “मी आधीच बोलायला हवं होतं.” नवी सून पदर सावरत उभी राहिली. आणि मग पुढे बसलेली शाळेतली सगळी चिल्लीपिल्ली एका सुरात ओरडू लागली, “छत्री मिटा! छत्री मिटा!”

भाऊसाहेबांनी छत्री मिटली.

व्यासपीठावर खुर्च्यांच्या सावल्या होत्या, हारांच्या होत्या, पाण्याच्या तांब्याचीसुद्धा होती. भाऊसाहेबांच्या पायांशी नुसतं ऊन होतं. एका बाईने आपलं बाळ उचलून पोटाशी धरलं.

“पाहुणे आले, त्यात राहून गेलं गं,” ते पुटपुटले. आता ते मुळीच मोठे दिसत नव्हते.

सोनकीने त्यांचा हात धरला. तो तिच्या आईच्या हातासारखाच गार होता. तिला एवढा राग आला होता, तरी तिने तो दोन्ही हातांत घेऊन चोळला. “चला,” ती म्हणाली. “मी आहे.”

उन्हाची पट्टी बोटभरावर आली होती, तेव्हा भाऊसाहेब अडखळत गाभाऱ्यात शिरले आणि गुडघ्यांवर बसले. परी त्यांना दिसली नाही. “आलो,” ते उन्हातल्या धुळीला म्हणाले. वरची घडी सळसळत उलगडली आणि त्यांच्याकडे निघून गेली. सोनकीने झडप घालून शेवटची घडी उचलली आणि छातीशी धरली. घडीला ओल्या मातीचा वास येत होता.

तेवढ्यात ऊन देवाच्या पायाला लागलं.

दगडी चाक करकरलं. सात घोड्यांच्या आयाळी एकदमच हलल्या. सगळ्या खांबांच्या सावल्या गर्रकन वळून जागच्या जागी गेल्या. परी उंच उडाली. तिच्या गालांवर गुलाबी, मग केशरी, मग सोनेरी रंग चढला, आणि आता पहिल्यांदाच तिच्या अंगातून ऊब येऊ लागली.

“सोनकी,” ती म्हणाली, “यापुढे घडी घालण्याआधी मी विचारीन. का आला नाहीस, का आली नाहीस, आणि दारात कोण उभं होतं.”

मग ती उजेड झाली. आधी पंख, मग झगा, मग तो घागरीतला आवाज. गाभारा लख्ख पिवळा झाला आणि हळूहळू निवला. ‘येते’ असं ती म्हणाली नाही. सोनकीनेही काही म्हटलं नाही, फक्त हात जोडले.

घरी पारू अंगणात कुडकुडत बसली होती. सोनकीने घडी उलगडली आणि तिच्या पायांशी पसरली. क्षणभर काहीच झालं नाही.

“अगं आई गं!” पारू किंचाळून उठली. “पाय भाजले! काय ऊन आहे हे! सोने, अनवाणी काय उभी राहिलीस, सावलीत ये आधी!”

सोने! सोनकी आईच्या कमरेला अशी घट्ट बिलगली, की दोघी मातीत पडल्या. अंगणभर टिक टिक टिक असा बारीक आवाज होऊ लागला. मडकी वाळत होती, आणि भट्टीत न घालताच भाजल्यासारखी पक्की होत होती. बोळकी, पणत्या, घागरी, सगळी एकदमच. टिचकी मारली की घंटेसारखी वाजत होती, आणि प्रत्येकाच्या काठावर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ उमटली होती. तशी रेघ पारूने कधी काढली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी भाऊसाहेब आले, छत्रीशिवाय. साठ बोळक्यांची टोपली त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि विचारलं, “पारूताई, पुढे होता ना?” पारू पुढे झाली, आणि देवळाच्या फाटकातून ताठ मानेने आत गेली.

तिची सावली मात्र अजून जराशी वेगळी आहे. बराच काळ घडीत राहिल्यामुळे तिच्या मधोमध एक सरळ आडवी रेघ पडली आहे. आणि पारू चालता चालता एकदम थांबली, तर ती एक पाऊल उशिरा थांबते.